गिनती बरोबर आली, पुढे?

"काही तक्रार आहे का?" खुल्या कारागृहातल्या बंद्याला पाहुण्याने हा प्रश्न विचारला की उत्तर येतं, "नाही साहेब." पाहुणा मान हलवतो, वहीत चार ओळी लिहितो, चहा घेतो आणि निघतो. त्या चार ओळींना काडीची किंमत नाही. ज्याच्या तोंडून ते "नाही" आलं त्याला तक्रार नसते असं नाही, त्याला तक्रार परवडत नसते.

का परवडत नाही, ते बघा. खुल्यात येणारा माणूस बहुधा जन्मठेपेचा असतो. त्याने बंद तुरुंगात वर्षानुवर्षं काढलेली असतात. बराक, गिनती, रात्रभर डोळ्यावर जळणारा दिवा. वर्तणूक चांगली ठरली, निवड समितीने नाव घेतलं, तेव्हा कुठे तो भिंतीबाहेर आला. इथे त्याला शेतात काम आहे, डोक्यावर आभाळ आहे, शिक्षेतली माफी बंद तुरुंगापेक्षा जास्त आहे. आणि हे सगळं एका कागदाने काढून घेता येतं. 'वर्तन असमाधानकारक' असा शेरा पडला की तो पुन्हा जुन्या बराकीत. साध्या तुरुंगातल्या कैद्याकडे गमावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. खुल्यातल्याकडे ते भरपूर असतं. म्हणून तो साऱ्या तुरुंगांतला सगळ्यात गप्प माणूस आहे.

आपण मात्र उलटं समजून बसलो आहोत. भिंत नाही, कुलूप नाही, पळून कोणी जात नाही, मग तिथे जाऊन बघायचं काय? सरकारी यंत्रणेचं यश म्हणून एकच आकडा सांगितला जातो: संध्याकाळची गिनती बरोबर आली. सकाळी इतके होते, रात्री तितकेच आहेत. माणूस पळाला नाही, एवढंच त्यातून कळतं. तो माणूस आजारी आहे का, त्याला मजुरी मिळाली का, सुटल्यावर तो कुठल्या दारात जाऊन उभा राहणार आहे, यातलं काही गिनतीत येत नाही.

महाराष्ट्राला या विषयात अनोळखी असण्याचं कारण नाही. १९३९च्या सुमाराला औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या राज्यात मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याने कैद्यांची बिनभिंतीची वसाहत उभी करायचं धाडस केलं. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर ते हेच. त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी तिच्यावरून कथा लिहिली आणि १९५७ साली शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' आला, बर्लिनच्या महोत्सवात गाजला. सिनेमातला जेलर देवमाणूस होता. आपल्या मनात तोच बसला आहे, आणि माझं भांडण तिथेच आहे. देवमाणूस जेलर मिळणं हे बंद्याचं नशीब झालं. त्याची बदली झाली आणि दुसरा आला, तर? कुठलीही कैदखाना-व्यवस्था एका साहेबाच्या स्वभावावर चालवायची नसते. त्या साहेबाच्या खांद्यावरून डोकावणारं कोणीतरी हवं, आणि ते त्या साहेबाचं किंवा त्याच्या वरच्या साहेबाचं माणूस नको.

स्वतंत्रपूर आजही चालू आहे. बंद्याला बायकामुलांसह राहता येतं, जमीन कसता येते. पण तिथे राहणाऱ्या बंद्यांची संख्या तिशीच्या आतच राहिली. एवढ्या वर्षांत एवढीच! शिवाय येरवडा, पैठण, मोर्शी, विसापूर आणि इतर ठिकाणं आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १,३३० तुरुंग आहेत आणि त्यातले फक्त ९१ खुले. राजस्थान पहिला, आपण दुसरे. त्याच अहवालात देशातल्या तुरुंगांत शंभर जणांच्या जागेत १३१ माणसं कोंबलेली आहेत. आणि तरीही खुल्यातल्या जागा पुऱ्या भरत नाहीत. एकीकडे माणसावर माणूस झोपतो, दुसरीकडे खाट रिकामी. हे कोणी विचारायचं? विचारणारी खुर्ची कायद्यात आहे. ती बऱ्याच ठिकाणी रिकामी आहे.

ती खुर्ची म्हणजे अशासकीय अभ्यागत. १८९४च्या तुरुंग कायद्यापासून अभ्यागतांची सोय आहे. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी हे शासकीय अभ्यागत, आणि त्यांच्याबरोबर समाजातली काही माणसं अशासकीय. दोघांचं मिळून अभ्यागत मंडळ. केंद्रीय गृहखात्याने २०११ साली राज्यांना लिहिलं की या नेमणुका करा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७मध्ये, १,३८२ तुरुंगांतल्या अमानुष परिस्थितीच्या प्रकरणात, अभ्यागत मंडळं ३० नोव्हेंबर २०१७पर्यंत स्थापन करा असं तारीख घालून सांगितलं. त्याच निकालात खुल्या तुरुंगांचा प्रयोग वाढवण्याजोगा आहे असंही म्हटलं. तेव्हा १२३ वर्षं जुन्या असलेल्या कायद्यातल्या खुर्च्या भराव्यात म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तारीख द्यावी लागली, ही लाजेची गोष्ट आहे.

आणि नेमणूक झाली तरी काय होतं? भेट कळवून होते. कळवून झालेल्या भेटीत चुना लागलेला असतो, भाजीत भाजी असते, अंगावर धुतलेले कपडे असतात. अधिकारी सोबत फिरतात. बंद्याशी बोलताना ते दोन पावलांवर उभे असतात. अभ्यागताने शेरा लिहायचा तो कारागृहातल्याच वहीत, आणि तो वर पाठवायचा तो अधीक्षकाने, स्वतःच्या अभिप्रायासह. ज्याच्या कारभाराची तपासणी करायची, तपासणीचा कागद त्याच्याच टेबलावरून पुढे जातो. मग तो शेरा कुठल्या फायलीत निजतो ते लोकांना कळत नाही. तो छापला जात नाही. पुढच्या वर्षी येणाऱ्या अभ्यागताला मागच्याने काय लिहिलं होतं त्याचा पाठपुरावा करावा लागत नाही.

हे असंच असायला हवं असं नाही. आणि त्यासाठी लांब जायची गरजही नाही. १९८२-८३ साली मुंबईत घडलेलं सांगतो. पत्रकार शीला बर्से यांनी महिला कैद्यांच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्र याचिका मानलं आणि निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पाठवलं. अट अशी घातली की त्या महिला कैद्यांशी बोलतील तेव्हा दुसरं कोणीही हजर असणार नाही. बघायला तुरुंगाबाहेरचं माणूस आणि बोलताना खात्याचा कोणी शेजारी नाही: स्वतंत्र देखरेखीचा अर्धा नियम त्या आदेशात आहे. चाळीस वर्षं होऊन गेली. तो एका प्रकरणापुरता आदेश राहिला, रोजची रीत झाली नाही. २०१७ साली भायखळ्याच्या महिला कारागृहात एका बंदिनीचा मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि तुरुंग कर्मचाऱ्यांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा खासदारांची पथकं धावली. मेल्यावर धावायला सगळेच येतात.

उरलेला अर्धा नियम इंग्लंडमध्ये बघायला मिळतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक तुरुंगाला एक स्वतंत्र देखरेख मंडळ असतं, १९५२च्या तुरुंग कायद्याने बांधून दिलेलं. सदस्य आसपास राहणारे साधे नागरिक, बिनपगारी. कुठल्याही वेळी, तुरुंगाच्या कुठल्याही भागात जायचा आणि कोणाही कैद्याशी अधिकाऱ्याच्या कानाआड बोलायचा त्यांना हक्क. वर्षाचा अहवाल ते छापून लोकांपुढे ठेवतात. त्या अहवालाची रचना मला फार आवडते. मंत्र्याला वेगळे प्रश्न, तुरुंग खात्याला वेगळे, अधीक्षकाला वेगळे. ज्याच्या अखत्यारीतली गोष्ट त्यानेच उत्तर द्यायचं, दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय नाही. आणि मागच्या वर्षी काय विचारलं होतं, काय आश्वासन मिळालं होतं, आज काय स्थिती आहे, याचा तक्ताही त्यातच.

त्यांनी एक चूक सुधारली, ती आपल्याला फार उपयोगाची आहे. पूर्वी याच मंडळांकडे कैद्याला शिस्तभंगाची शिक्षा द्यायचाही अधिकार होता. म्हणजे सकाळी शिक्षा ठोठावणारा माणूस दुपारी 'काही तक्रार?' विचारायला यायचा. कोण बोलेल? १९९० साली मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात मोठा उठाव झाला, न्यायमूर्ती वुल्फ यांनी चौकशी केली आणि १९९२ साली तो अधिकार मंडळांकडून काढून घेतला गेला. आपल्याकडे जिल्हाधिकारी आणि जिल्हा न्यायाधीश शासकीय अभ्यागत असतात. त्याच जिल्हाधिकाऱ्यांचा अभिप्राय मुदतपूर्व सुटकेच्या फायलीत लागतो. न्यायाधीशांचं मतही लागतं. बंद्याच्या डोळ्यांनी बघा: समोर उभ्या असलेल्या या माणसाच्या सहीवर माझी सुटका अवलंबून आहे. त्याला तो सांगेल का, की शेतावर बारा तास राबवून घेतात? शासकीय अभ्यागत नकोत असं मी म्हणत नाही. तेवढेच असले तर ती देखरेख नव्हे, एवढं म्हणतो.

इंग्लंडात सगळं सोन्याचं आहे असंही नाही. सदस्य पुरेसे मिळत नाहीत, मंत्र्यांची उत्तरं गुळमुळीत असतात. पण खुल्या तुरुंगावरही नजर हवी हे तिथे मान्य आहे. का हवी, त्याचं एक उदाहरण बघा. १ जानेवारी २०११ला वेस्ट ससेक्समधल्या फोर्ड या खुल्या तुरुंगात दंगल झाली, इमारती जळल्या. चोरून आणलेल्या दारूची तपासणी सुरू झाली, त्यावरून पेटलं. सुमारे पाचशे कैदी होते आणि त्या रात्री कामावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कर्मचारी. भिंत नाही म्हणून माणसं कमी ठेवायची, ही काटकसर शेवटी कर्मचाऱ्यांच्या जिवावर येते. देखरेख फक्त कैद्यांसाठी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी रात्रपाळीच्या त्या शिपायांचा विचार करावा.

आता पुनर्वसनाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. खुलं कारागृह कशासाठी? माणसाला पुन्हा गावात, घरात, कामावर नांदता यावं यासाठी. मग तपासायचं तेच. भातात खडे आहेत का हे बघाच, पण तेवढं बघून निघू नका.

मजुरीपासून सुरू करा. महाराष्ट्राने २०२३ साली बंद्यांची मजुरी वाढवली, तरी दिवसाची रक्कम शंभर रुपयांच्या आतच राहिली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात कैद्याला रास्त मजुरी द्या आणि तिच्यातला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढा, असं सांगितलं होतं. दिवसभर ऊस, भाजीपाला, गुरं यांत राबणाऱ्याला बाहेरच्या शेतमजुराच्या तुलनेत काय मिळतं? त्यातून घरी किती जातं? दहा वर्षांनी सुटताना हातात किती येतं? अभ्यागताने ही रक्कम विचारावी आणि लिहावी. पैठणची किंवा मोर्शीची शेती हिरवीगार आहे, याचं कौतुक वर्तमानपत्रांत होतं. त्या हिरवाईतून बंद्याच्या खात्यात काय पडलं, ते कोणी छापत नाही.

खातं तरी आहे का? आधार आहे का? रेशनकार्डावर नाव राहिलं आहे की घरच्यांनी कमी केलं? सातबाऱ्यावर काय झालं? जन्मठेप भोगणाऱ्याच्या जमिनीचं काय होतं ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. वडील वारतात, वारस नोंद होते, आणि तुरुंगातल्या भावाची सही 'मिळत नाही'. बारा-चौदा वर्षांनी तो बाहेर येतो तेव्हा त्याच्या वाटणीच्या बांधावर दुसऱ्याचा ट्रॅक्टर असतो. पुन्हा भांडण, पुन्हा पोलीस ठाणं. ज्या भांडणातून पहिला गुन्हा घडला होता, तेच भांडण सरकारने त्याला परत नेऊन दिलं. खुल्यात असतानाच, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने तलाठ्याकडे एक अर्ज केला असता तर हे टळलं असतं. असा अर्ज झाला का, हा अभ्यागताचा प्रश्न असायला हवा.

मग फर्लो आणि पॅरोल. सुटीवर जाऊन आलेला माणूस घराशी बांधलेला राहतो, हे सगळे मान्य करतात. पण ती सुटी पोलीस अहवालावर अडते. ठाण्याच्या हवालदाराने गावात जाऊन विचारायचं आणि लिहायचं. 'शांतता भंग होण्याची शक्यता' हे एक वाक्य लिहिलं की झालं. ते कशावरून लिहिलं, कोणाला विचारलं, हे कोणी तपासत नाही. शिवाय घ्यायला आणि जामीन राहायला नातेवाईक लागतो. ज्याला कोणी उरलं नाही त्याने काय करायचं? ज्याला पुनर्वसनाची गरज सगळ्यात जास्त, त्यालाच सुटी मिळणं सगळ्यात अवघड.

आणि मुदतपूर्व सुटकेची फाईल. खुनासारख्या गुन्ह्यात जन्मठेपेच्या माणसाला कायद्याने चौदा वर्षं प्रत्यक्ष काढावीच लागतात. त्यानंतर सरकारने त्याच्या सुटकेचा विचार करायचा असतो. ती फाईल अधीक्षकांकडून निघते, पोलिसांकडे जाते, जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवलं जातं, आणि शेवटी मंत्रालयात पोचते. प्रत्येक टेबलावर ती थांबते. खुल्यातला बंदी रोज संध्याकाळी हजेरी देतो आणि एकच हिशेब मनात मांडतो. माझ्या मते अभ्यागताच्या अहवालातलं सगळ्यात मोलाचं पान हे असेल: अमुक बंद्याची फाईल अमुक तारखेला अमुक कार्यालयात गेली, आज इतके महिने तिथेच आहे. नाव नको, क्रमांक पुरे. कार्यालयाचं नाव मात्र हवं.

या सगळ्याला जबाबदार कोण, असं विचारलं तर महाराष्ट्रात दोन खाती समोर येतात आणि मध्ये फट दिसते. तुरुंग गृहखात्याकडे. सुटलेल्या माणसाला मदत करणारे परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास खात्याकडे. गृहखात्याची जबाबदारी फाटकापर्यंत. पलीकडच्या खात्याचा माणूस फाटकावर असतोच असं नाही. पिशवी, जमा मजुरी आणि प्रवासाचा पास घेऊन बंदी त्या मधल्या जागेत उभा राहतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९०पासून याच जागेत काम करतो आहे: कैद्यांच्या घरच्यांना गाठणं, सुटलेल्यांना काम आणि निवारा मिळवून देणं. अशा प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांनी तीन दशकं हे करून दाखवलं. सरकारने ते पाहिलं, वाखाणलं आणि प्रत्येक खुल्या कारागृहात असा कार्यकर्ता नेमण्याचं काम मागे ठेवलं.

बायकांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण व्यवस्थेनेही त्यांना थोडक्यात गुंडाळलं आहे. कित्येक राज्यांच्या नियमांत स्त्रियांना खुल्या तुरुंगात जाताच येत नव्हतं. सुरक्षेचं कारण. म्हणजे पुरुषांपासून धोका आहे म्हणून बाईला कोंडून ठेवा. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरचं आस्कम ग्रेंज आणि केंटचं ईस्ट सटन पार्क हे खास बायकांचे खुले तुरुंग आहेत. आपल्याकडे येरवड्यात बायकांसाठी सोय झाली, ती पुढे फारशी पसरली नाही. सुटल्यावर बाईला घरात घेत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. तिची तयारी तर आधी करायला हवी.

जातीचंही बघायला हवं. ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि तुरुंगातलं जातीनुसार कामवाटप घटनाबाह्य ठरवलं. स्वयंपाक कोणाकडे आणि सफाई कोणाकडे, हे नियमपुस्तिकांत लिहून ठेवलेलं होतं. हे थांबलं की नाही ते बघायचं काम न्यायालयाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ या दोघांवर सोपवलं. पुन्हा तीच रिकामी खुर्ची! न्यायालय निकालामागून निकाल अभ्यागतांच्या भरवशावर देतं आहे, आणि अभ्यागत नेमायचे ते सरकारने. खुल्यात हा प्रश्न आणखी बारीक होतो. गोठ्यात कोण, स्वयंपाकघरात कोण, कार्यालयात लिहायला कोण, नांगरावर कोण? कामाची यादी आणि नावं शेजारी शेजारी ठेवली की पाच मिनिटांत कळतं.

बाहेरच्या नजरेने काय साधतं, याचं ताजं उदाहरण जयपूरजवळच्या सांगानेरचं आहे. १९६३ सालचं हे संपूर्णानंद खुलं बंदी शिबिर. उत्तर प्रदेशात मुख्यमंत्री झालेले आणि तेव्हा राजस्थानचे राज्यपाल असलेले संपूर्णानंद, त्यांच्या नावाचं. तिथे बंदी घरच्यांसह राहतात, सकाळी बाहेर कामाला जातात, स्वतःच्या कमाईवर जगतात, संध्याकाळी हजेरीला परत येतात. त्यांची निवडलेली बंदी पंचायत कारभार बघते. जगभरातून लोक बघायला येतात. शहर वाढत वाढत शिबिरापर्यंत आलं आणि जमिनीला मोल चढलं. खुल्या शिबिरांची जागा कमी करण्याचे प्रयत्न करू नका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४मध्ये दिला होता. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत शिबिराच्या जमिनीतला भाग रुग्णालयासाठी दिला गेला. प्रकरण न्यायालयाच्या अवमानापर्यंत गेलं, आणि न्यायालयाने जागेवर जाऊन पाहणी करायला स्वतःचा माणूस पाठवला.

रुग्णालय हवंच, त्याला कोण नाही म्हणेल? पण तो आदेश मोडतो आहे हे दिल्लीपर्यंत पोचलं, कारण बाहेरची काही माणसं त्या शिबिराकडे वर्षानुवर्षं बघत होती. राजस्थानात विधी सेवा प्राधिकरणाने स्मिता चक्रवर्ती यांना मानद तुरुंग आयुक्त म्हणून नेमलं होतं आणि राज्यातल्या खुल्या तुरुंगांचा त्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. असा छापील अभ्यास हातात असला की बाजू मांडता येते. उद्या पुणे वाढत गेलं आणि येरवड्याच्या खुल्या जमिनीवर कोणाची नजर पडली, तर बोलायला आपल्याकडे कुठला कागद आहे?

आता एक प्रश्न, जो मला वाचक नेहमी विचारतात आणि विचारायलाच हवा. ज्याचा माणूस मारला गेला त्याच्या घरच्यांचं काय? त्यांना कोण भेटायला जातं? कोणी नाही. आणि हे चूकच आहे. पण जन्मठेपेचा माणूस बहुतेक वेळा एक दिवस बाहेर येतोच, हे त्या घरालाही ठाऊक असतं. त्या घरातल्या विधवेच्या दृष्टीने मोठा प्रश्न हा की तो कसा बाहेर येईल. हातात काम असलेला, दारू सुटलेला, राहायची जागा ठरलेला माणूस? की तसाच रिकामा, रागावलेला, तिच्याच गल्लीत? आणि तो सुटतो आहे हे तिला आधी सांगितलं का, की बसस्टँडवर तो समोर उभा राहिला तेव्हा कळलं? हेही अभ्यागताने विचारलं पाहिजे. पीडितांच्या वेदनेचं नाव घेऊन तुरुंगाची दारं बंद ठेवणारे बरेच आहेत. त्यांपैकी कितीजण त्या घरात जाऊन आले, ते त्यांनी सांगावं.

भारताने १९९७ साली छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आणि त्याला मान्यता अजून दिलेली नाही. त्या कराराला जोडलेल्या ऐच्छिक करारात कोंडून ठेवण्याच्या प्रत्येक जागी स्वतंत्र पथकांनी कधीही जाण्याची तरतूद आहे. दिल्लीने ते मान्य करायला आणखी किती वर्षं घ्यायची ती घेवोत. पण तुरुंग हा राज्याच्या यादीतला विषय आहे. महाराष्ट्राला उद्या सकाळी काही गोष्टी करायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रत्येक खुल्या कारागृहासाठी अशासकीय अभ्यागतांच्या नेमणुका, आणि त्यात निम्म्या बायका. राजकीय पक्षाचे पदाधिकारी नकोत. निवृत्त तुरुंग अधिकारीही नकोत. शिक्षक, परिचारिका, समाजकार्यकर्ते, शेतकी खातं सोडलेला माणूस, आणि शिक्षा भोगून सुटलेला एक तरी माणूस हवा, कारण कुठे बघायचं ते त्याला माहीत असतं. भेट न कळवता. बोलणं अधिकाऱ्याशिवाय, शेतात, कामाच्या जागी. बंद्याने अभ्यागताशी बोलल्यानंतर सहा महिन्यांत त्याला बंद तुरुंगात परत पाठवायचं असेल तर कारण लेखी द्यायचं आणि ते आधी मंडळापुढे ठेवायचं. या एका नियमाने "नाही साहेब" बंद होईल असं मला वाटतं. सुटल्यानंतर सहा महिन्यांनी माणूस कुठे आहे, कामावर आहे का, हे परिवीक्षा अधिकाऱ्याने मंडळाला कळवायचं. वर्षाचा अहवाल मराठीत छापायचा आणि अधिवेशनात पटलावर ठेवायचा, म्हणजे आमदारांना प्रश्न विचारता येतील.

आणि अभ्यागताचं नाव त्याच्या शेवटच्या भेटीच्या तारखेसह दोन ठिकाणी लावायचं: जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर, आणि कारागृहात जिथे संध्याकाळची गिनती होते त्या भिंतीवर.